लातूरचा उन्हाळा: आडापासून रेल्वेपर्यंत

सकाळचं वाळवण पसरून झालं असेल, जरा सावलीला टेका. आज आपण शहराच्या उन्हाळ्याविषयी बोलू. शहर म्हणजे आपलं जवळचं, लातूर. बाजार, दवाखाना, लेकरांची शिकवणी, सगळ्यासाठी आपण तिथं जातो. कुणाची बहीण तिथं दिलेली, कुणाची लेक. मुंबई-पुण्याएवढं ते मोठं नाही. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या आसपास होती. अशा मधल्या शहरांच्या उन्हाळ्याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. लढाया लिहिल्या जातात, मोर्चे लिहिले जातात. पण मार्च ते जून बायांनी घरात पाणी कसं पुरवलं, याचीही एक हकिगत आहे. ती आपल्या सासवांना, आज्यांना तोंडपाठ होती. ती आज मांडून बघू.

लातूर वाढलं ते बाजारपेठ म्हणून. गंजगोलाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. ही रचना निजामाच्या राज्यातली. गूळ, मिरची, भांडी, चपला, दागिने, ज्याची त्याची गल्ली ठरलेली. भर दुपारी त्या गल्ल्यांत आजही कापडाची छतं ओढलेली दिसतात आणि दुकानदार दाराशी पाण्याचा शिपका मारताना दिसतो. हा शिपका साधा वाटतो, पण कोणत्या साली तो बंद होता हे विचारलं की बाजारातला कोणीही सांगेल. तिकडे आपण येऊच.

जुन्या लातुरातली घरं आपल्या गावातल्यासारखीच होती, माळवदाची. जाड भिंती, वर मातीचा थर, मध्ये गवाक्ष. आत शिरलं की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा. रात्री बाजा माळवदावर. बऱ्याच वाड्यांत आपला आड असायचा, त्यावर रहाट आणि पोहरा. पिण्याचं पाणी रांजणात. रांजण कोपऱ्यात वाळूत अर्धा पुरलेला, वाळू सतत ओली ठेवायची. माठातून झिरपलेलं पाणी उडून जाताना गारवा देतं, हे आपल्या आज्यांना कोणत्या पुस्तकात वाचायला लागलं नाही. ज्यांची ऐपत होती ते खिडकीला वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी मारायचे. आजच्या कूलरमागचं तत्त्व तेच आहे, फक्त वाळ्याच्या जागी गवताची जाळी आणि हवा घालायला विजेचा पंखा.

आडाची आठवण निघाली की सगळेच हळवे होतात. आम्हीही होतो. पण ते पाणी सगळ्यांचं होतं असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. वाड्यातला आड वाड्याचा, आणि गावातला आडही सगळ्या जातींना मोकळा नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते दिवसही उन्हाळ्याचेच. ज्या बायांना आडापासून दूर उभं राहून कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघावी लागायची, त्यांच्या दृष्टीनं जुना उन्हाळा गार नव्हता. म्हणून जुनं ते सोनं म्हणताना जरा थांबावं असं आम्हाला वाटतं.

पाणपोई मात्र रस्त्यावरची. व्यापारी लोक चैत्रात मांडव घालून रांजण भरून ठेवायचे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेलं मातीचं भांडं दान करायची रीत आपल्याकडे अजून आहे. ज्या महिन्यात ज्याची टंचाई, त्याचंच दान सांगितलं, ही गोष्ट आम्हाला शहाणपणाची वाटते.

आता रेल्वेची गोष्ट. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बार्शी लाईट रेल्वे नावाची एक छोटी गाडी होती. तिच्या रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली, नंतर एकेक टप्पा सरकत १९११ मध्ये लातूरला पोहोचली. दुसऱ्या बाजूला पंढरपूरला गेली आणि १९२७ मध्ये तिथून मिरजेला. वारकऱ्यांना ही गाडी आपली वाटायची. लातूरच्या व्यापाऱ्यांना तर ती फारच सोयीची. कापूस, गळिताचं धान्य इथून बाहेर जायचं आणि पैसा आत यायचा. या भागाची पेठ मोठी झाली त्यात या गाडीचा वाटा मोठा. पुढे या शतकाच्या सुरुवातीला हे सगळे रूळ रुंद केले गेले. ते झालं नसतं, तर पुढची गोष्ट घडली नसती.

नळ आला तेव्हा शहरातल्या बायांची खेप वाचली, यात शंका नाही. पण नळाबरोबर आडाकडे पाठ फिरली. आड उपसला जाईना, गाळ काढला जाईना. काही बुजवून त्यावर खोल्या उठल्या, काहींत कचरा पडला. आपल्या गावांतही तेच झालं.

मग १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या बाया अजून आपल्यात आहेत. त्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर घेऊन हापसे बसवायचं काम जोरात सुरू झालं. हापशाची एक गोष्ट आपल्याला अभिमानानं सांगण्यासारखी आहे. आधी जे हापसे आले ते परदेशी नमुन्यावरचे, ओतीव लोखंडाचे. एका शेतकरी कुटुंबानं दिवसातून चारदा दांडा मारावा, एवढीच त्यांची ताकद. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग! ते भराभर मोडले. तेव्हा जालन्याला पाण्याचं काम करणाऱ्या लोकांनी दांडा एकाच खिळीवर फिरेल असा पोलादी हापसा तयार केला, आणि सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. त्यावरूनच सत्तरच्या दशकात, युनिसेफच्या मदतीनं, इंडिया मार्क टू हा हापसा घडला. तो पुढे आफ्रिकेतल्या देशांतही गेला. आपण ज्या दांड्याला लोंबकळून पाणी काढलं, त्याच घडणीच्या दांड्याला तिकडची बाईही लोंबकळते. आणि हापसा मोडायचा तो आपल्याच हातांनी, म्हणजे घडवणाऱ्यांना धडा मिळाला तोही आपल्याच रांगेकडून. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं आमच्या पाहण्यात नाही, पण आम्ही तसंच समजतो.

हापशाच्या बोअरनं वाट दाखवली आणि मोटारीच्या बोअरनं ती वाट पार खणून काढली. शहरात प्लॉट घेतला की आधी बोअर, मग घर. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. खाली जावं तशा भेगा कमी होत जातात. म्हणजे दुप्पट खोल गेलं की दुप्पट पाणी मिळेल, असा हा व्यवहार नाही. तरीही दोनशे फुटांचे बोअर आटले की लोक पाचशेवर गेले, सातशेवर गेले. २००९ च्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरवर शेती आणि कारखान्यांसाठी बंधन आणलं. कायदा कागदावर आहे. बोअरची गाडी रात्रीही धडधडत असते, ते आपण झोपेत ऐकतो.

लातूर शहराला पाणी येतं मांजरा धरणातून, धनेगावहून. धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यात. त्याच पाण्यावर अंबाजोगाई, केज, कळंबही आहेत. धरण आलं आणि कालव्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर कारखाने. उसाने कित्येक घरं सावरली, पोरं शिकली, हे आम्ही नाकारत नाही. आमच्यातल्याही काहींच्या शेतात ऊस आहे. पण ऊस बारा महिने पाणी पितो आणि आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा, तोही लहरी. २०१४ ला पाऊस कमी, २०१५ ला आणखी कमी. धरणाचा तळ दिसू लागला.

आणि आला २०१६ चा उन्हाळा. मार्च महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदीचा हुकूम निघाला. पाचांहून जास्त माणसांनी तिथं जमायचं नाही. दंगलीसाठी असलेलं कलम पाण्याच्या टाकीला लावलं गेलं. आता पाण्याच्या रांगेत उभं कोण असतं? बहुतेक वेळा बाया आणि पोरं. म्हणजे हुकूम बहुतेक त्यांच्यासाठीच होता. भांडणं होत होती हे खरं, टँकर आला की घागरीवर घागर आदळायची. पण भांडण मिटवायला पाणी लागतं. पोलीस उभे करून हंडा भरत नाही.

शहराची रीत त्या वर्षी पार बदलली. नळ आठवड्यानं येईल की पंधरा दिवसांनी, याचा भरवसा नव्हता. दुकानदाराचा शिपका गेला. कूलर झाकून ठेवले गेले, कारण कूलरला घालायच्या दोन बादल्यांत एक स्वयंपाक निघतो. धुणं गावी पाठवलं जाऊ लागलं. लातूरच्या बहिणी इकडे आल्या की पोरांना आधी आंघोळ घालायच्या, मग चहाचं बघायच्या. आमच्यातल्या काहीजणी भेटीला जाताना भाजीबरोबर पाण्याचा कॅन घेऊन जायच्या. लग्नाची तारीख धरताना तिथीइतकाच टँकर महत्त्वाचा झाला. घराघरांत निळे ड्रम आले. त्यांना झाकण, झाकणाला कुलूपही.

एप्रिलमध्ये रेल्वे आली. राजस्थानातल्या कोटा इथून टाकीचे डबे मागवले, आतून धुऊन घेतले आणि मिरजेला कृष्णेचं पाणी भरलं. ११ एप्रिलला दहा डब्यांची पहिली गाडी निघाली आणि रात्रभर चालून १२ तारखेला पहाटे लातूरला लागली. मिरज ते लातूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ज्या बार्शी लाईटच्या वाटेनं कधीकाळी इथला कापूस बाहेर गेला, जवळजवळ त्याच वाटेनं आता पाणी आत येत होतं. स्टेशनाजवळच्या विहिरीत ते उतरवायचं, शुद्ध करायचं, मग वाटप. पुढे गाडीला पन्नास डबे लागले. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. रेल्वेच्या माणसांनी हे काम चोख केलं, आणि कृष्णाकाठच्या लोकांनी पाणी दिलं. त्याबद्दल कृतज्ञ राहिलंच पाहिजे.

पण बचत गटाच्या बाया आपण, हिशेब केल्याशिवाय राहणार कशा? पहिल्या गाडीत होतं साधारण पाच लाख लिटर. शहराच्या लोकसंख्येला भागा, २०११ ची धरली तरी. माणशी येतं सव्वा लिटर, फार तर तांब्याभर. पन्नास डब्यांच्या गाडीत २५ लाख लिटर. माणशी साडेसहा लिटर, म्हणजे एक कळशीही नाही. आज गावातल्या माणसासाठी सरकार रोज ५५ लिटर धरतं. देशभर बातमी झाली ती गाडीची. पण नुसत्या त्या गाडीवर शहर जगलं असतं असं नाही. डोंगरगाव, माकणी, भंडारवाडी इथल्या साठ्यांतूनही टँकर येत होते. ही सगळी आपल्यासारख्या गावांच्या शिवारातली पाणी. टँकर आपल्या दारावरून शहराकडे जायचे, आणि आपण आटलेल्या विहिरीच्या कडेला वाटीनं घागर भरायचो. शहरातल्या बहिणीचा आम्हाला राग नव्हता, तिची तहान खरीच होती. प्रश्न एवढाच की पाणी कुठून उचलायचं आणि कुठं न्यायचं हे ठरवताना त्या गावांतल्या किती बायांना विचारलं गेलं?

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी जोरदार पाऊस झाला आणि मांजरा धरण भरलं. मिरजेची गाडी आठवणीत जमा झाली. ड्रम मात्र गेले नाहीत. आजही लातूरच्या बहिणीकडे गेलात तर न्हाणीघरात, जिन्याखाली, गच्चीवर ते दिसतील, आणि भर पावसातही भरलेले दिसतील. पाणी येऊन गेलं की ती ओळखीच्या चार घरी फोन करते, "आलं होतं का गं तुमच्याकडं?" कूलरच्या टाकीत पाणी घालताना अजून तिचा हात जरा आखडतो. बाजारातला शिपका परत आला आहे.

पुढच्या वेळी आपण आडांविषयी बोलू. तोपर्यंत एक काम करा. आपल्या गावात किती आड आणि बारवा होत्या, त्यांना काय नाव होतं, कोणत्या बायांना तिथं पाणी भरू दिलं जायचं आणि कोणत्या बायांना नाही, आणि कोणत्या साली ते बुजले, हे म्हाताऱ्या बायांना विचारून वहीत लिहून ठेवा. शहरात दिलेल्या लेकींनाही विचारा. त्यांच्या वाड्यातला आड कोणत्या खोलीखाली आहे, हे त्यांच्या सासूला नक्की माहीत असेल.