चौकटींच्या कागदापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

सोलापूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम चादर उभी राहते. त्या चादरीवरील मोर, वेलबुट्टी आणि काठाची नक्षी छापलेली नसते. ती धाग्यागणिक विणलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र चादर नव्हे. लहान मुलांना संगणकावर साधी चित्रे काढावयास शिकविण्याची जी पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली, तिचा थोडा इतिहास येथे मांडावयाचा आहे. सुज्ञ वाचकांस हे दोन विषय एकमेकांपासून दूरचे वाटतील. परंतु चाटी गल्लीत आयुष्यभर कापडाचा व्यवसाय केलेल्या माझ्यासारख्याला त्यांचे नाते अगदी जवळचे दिसते. ते उलगडून दाखविण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

चौकटीतील फूल

तेलंगणातून येऊन सोलापुरात स्थायिक झालेल्या पद्मशाली बांधवांनी येथील हातमाग आणि पुढे यंत्रमाग भरभराटीस आणला. चादरीवर नक्षी आणावयाची तर ती आधी कागदावर यावी लागते. हा कागद साधा नसून बारीक चौकटींचा, म्हणजे ग्राफचा असतो. त्यावरील प्रत्येक उभी ओळ ताण्याच्या धाग्यांचा हिशेब सांगते आणि प्रत्येक आडवी ओळ बाण्याच्या एका फेऱ्याचा. नक्षीकार मोराचे चित्र प्रथम मोकळ्या हाताने रेखाटतो. नंतर ते चौकटींवर उतरवून कोणती चौकट रंगवावयाची आणि कोणती कोरी ठेवावयाची हे एकेक करून ठरवितो. मोराच्या मानेचा गोलावा प्रत्यक्षात पायऱ्यापायऱ्यांचा असतो, पण दुरून पाहता तो गोल भासतो. चौकटी जितक्या बारीक तितका गोलावा सुबक.

ग्राफ तयार झाला की त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडली जातात. बाण्याच्या एका फेऱ्यासाठी एक कार्ड. जॅकार्ड यंत्रावर ही कार्डे माळेसारखी ओवून चढविली जातात. जेथे भोक असेल तेथे सुई आत जाते व तिच्या आकड्याला बांधलेले ताण्याचे धागे वर उचलले जातात. जेथे भोक नसेल तेथे सुई मागे सरते व धागे खालीच राहतात. 'भोक आहे' किंवा 'भोक नाही' या दोनच उत्तरांतून संपूर्ण मोर उभा राहतो. संगणकाचे सारे शास्त्रही 'शून्य' आणि 'एक' या दोनच चिन्हांवर चालते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

दोऱ्या ओढणारे मूल

हे यंत्र फ्रान्समधील लियॉन शहरात जोसेफ मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. तत्पूर्वी रेशमी नक्षीचे कापड ज्या मागावर विणले जाई, त्यावर विणकराच्या जोडीला एक मदतनीस लागे. बहुधा तो लहान मुलगा असे. योग्य वेळी योग्य दोऱ्यांचा जुडगा ओढून ताणा उचलणे, हे त्याचे दिवसभराचे काम. जॅकारनेही लहानपणी हेच कष्ट केले होते, असे सांगतात. आपल्याकडे बनारसच्या जाल्यावरही असे मूल मागाच्या वर बसून दोऱ्या ओढीत असे. नक्षी दुसऱ्याची, कापड तिसऱ्याचे आणि कष्ट मुलाचे, अशी ती व्यवस्था होती. पुठ्ठ्याच्या कार्डांनी त्या मुलाचे काम आपल्याकडे घेतले.

या कार्डांची कीर्ती विणकामापुरती राहिली नाही. १८३९ मध्ये लियॉन येथे जॅकारचे एक रेशमी चित्र विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज याने ते चित्र मिळवून आपल्या घरी ठेवले होते. त्याने योजलेल्या गणनयंत्राला आज्ञा द्यावयाच्या त्या अशाच कार्डांमधून. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या विदुषीने त्या यंत्रावर टिपणे लिहिली आणि त्यात जॅकारच्या मागाशी त्याची तुलना केली: माग जशी फुले-पाने विणतो, तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणील. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ याने भोके पाडलेल्या कार्डांवर मोजणी केली आणि त्यातूनच संगणक-उद्योगाची पायाभरणी झाली. म्हणजे ज्या कार्डांच्या बळावर आपल्या गावाची चादर विणली गेली, त्यांच्याच कुळातून संगणक जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

पडद्यावरील कागद

संगणकाने आकडेमोड शिकली, परंतु चित्र काढावयास त्याला आणखी काळ लागला. १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' हा कार्यक्रम रचला. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेषा काढता येऊ लागली. तरीही ते यंत्र खोलीभर जागेचे होते. मुलांच्या हाती येण्याजोगे नव्हते.

खरा बदल घडला १९८४ मध्ये. अ‍ॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर बिल अ‍ॅटकिन्सन यांनी रचलेला 'मॅकपेंट' हा चित्रकामाचा कार्यक्रम आला. पडदा काळा-पांढरा, त्यावर ५१२ गुणिले ३४२ ठिपके, म्हणजे एकूण १,७५,१०४. त्यात चित्राचा एखादा भाग मोठा करून पाहण्याची सोय होती. मोठा केलेला भाग कसा दिसे? आपल्या नक्षीकाराच्या ग्राफासारखा! एकेक चौकट काळी करावी किंवा पांढरी करावी. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या विंडोजबरोबर 'पेंट' आला. १९९० च्या आवृत्तीत तो 'पेंटब्रश' या नावाने होता आणि १९९५ पासून पुन्हा 'पेंट' झाला. भारतातील बहुतेक मुलांनी उंदराच्या आकाराचे ते साधन, म्हणजे माऊस, हातात धरून पहिली वेडीवाकडी रेषा काढली ती या 'पेंट'मध्येच. २०१७ मध्ये हा कार्यक्रम यापुढे विकसित केला जाणार नाही असे जाहीर झाले, तेव्हा जगभरातून एवढी हळहळ व्यक्त झाली की कंपनीला तो उपलब्ध राहील असा खुलासा करावा लागला. पुढील काळात त्यात सुधारणाही झाल्या.

मुलांसाठी रचलेली साधने

वर सांगितलेले कार्यक्रम मोठ्यांसाठी होते. मुलांचा स्वतंत्र विचार प्रथम केला तो सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६७ मध्ये त्यांनी 'लोगो' ही भाषा तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आले. 'शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ' अशी आज्ञा चार वेळा दिली की कासव चौकोन काढते. पॅपर्ट यांचे म्हणणे असे होते की, संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावे.

१९८९ मध्ये क्रेग हिकमन या अमेरिकन कलाशिक्षकाने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी 'किड पिक्स' बनविला. मॅकपेंट वापरताना मुलगा कोठे अडतो हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी साधने मोजकी व चित्रखुणांची ठेवली आणि प्रत्येकाला गमतीचा आवाज दिला. २००२ मध्ये बिल केंड्रिक यांनी 'टक्स पेंट' हा कार्यक्रम विनामूल्य खुला केला. तो तीन वर्षांपासूनच्या मुलांना वापरता येतो. अनेक भाषांबरोबर त्याचे मराठी रूपही झाले, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात शाळांमधून संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ मध्ये 'क्लास' या योजनेने झाला. निवडक शाळांना ब्रिटनमधून आलेले संगणक मिळाले. तथापि यंत्रे थोडी आणि विद्यार्थी फार, त्यामुळे हात लावण्यापेक्षा पाहणेच अधिक घडले. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक-वर्ग उभे राहिले. आपल्या सोलापुरातील वालचंद तंत्रशास्त्र महाविद्यालयाने तर १९८३ पासूनच अभियांत्रिकीचे दार उघडले होते. मोठ्यांची सोय अशी होत गेली. लहानांची मात्र मागे राहिली.

या संदर्भात दोन प्रयोग लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २६ जानेवारी १९९९ रोजी डॉ. सुगत मित्रा यांनी दिल्लीतील कालकाजी येथे झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसविला. शिकविणारा कोणी नव्हता. तेथील मुलांनी आपापसांत पाहून जे शिकून घेतले, त्यात चित्र काढणे फार आवडीचे ठरले. यामागील कारण विचार करण्यासारखे आहे. ज्या घरात कोरा कागद आणि रंगपेटी विकत घेणे परवडत नाही, त्या घरच्या मुलाला पडद्यावर न संपणारा कागद आणि न संपणारे रंग मिळाले होते.

दुसरा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातील. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात-धनगरवाडा नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ मध्ये वीस-बावीस मुलांना प्रत्येकी एक छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप देण्यात आला. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा तो भारतातील पहिला प्रयोग होता. त्या यंत्रात रंगविण्याचा कार्यक्रम होता. ज्या मुलांच्या घरात पूर्वी कोणी संगणक पाहिला नव्हता, त्यांच्या हाती तो आला.

यंत्र मिळाले म्हणजे सर्व झाले, असे मात्र नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यासारख्या कामांबद्दल. यंत्रामागे विचार करणारा शिक्षक असावा लागतो, हाच त्याचा बोध.

शिकवावे ते काय?

येथे मुख्य प्रश्न उभा राहतो. अनेक ठिकाणी 'पेंट'चा तास म्हणजे वेळ घालविण्याचा तास समजला जातो. घर, डोंगर, त्यामागे सूर्य एवढे काढून झाले की शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात. माझ्या अल्पमतीनुसार तीन गोष्टी या तासात शिकविता येतात व त्या अन्यत्र सहज मिळत नाहीत.

पहिली गोष्ट, चित्र मोठे करून त्यातील चौकटी दाखवाव्यात. गोल हा चौकटींचाच बनतो, हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आपल्या घरातील ठिपक्यांची रांगोळी याच तत्त्वावर उभी आहे, हे आजीने सांगितले तर धडा अधिक पक्का होईल. दुसरी गोष्ट, एक फूल काढून त्याची नक्कल करावी, ते उलट करावे, ओळीने मांडावे. अशाने चादरीचा काठ तयार होतो. येथे मूल चित्रकलेबरोबर गणितही शिकते. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. आम्हा व्यापाऱ्यांच्या खतावणीत खोडाखोड चालत नाही. एक आकडा चुकला तरी ताळेबंद जुळत नाही. पडद्यावरील चित्रात मात्र एक पाऊल मागे येण्याची सोय असते. चूक पुसता येते हे कळले की मूल धीट होते आणि नवे करून पाहते. हिशेबाला शिस्त हवी, तशी कल्पनेला मोकळीक हवी. मुलाला दोन्ही मिळाव्यात.

याचा आपल्या शहराशी संबंध काय, असे कोणी विचारील. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु नावाच्या संरक्षणाने नवी नक्षी जन्मास येत नाही. गिऱ्हाईक गादीवर बसून 'काही नवीन दाखवा' म्हणते, तेव्हा त्याला नोंदणीचा कागद दाखवून चालत नाही. नवी नक्षी नव्या डोळ्यांतून आणि नव्या हातांतूनच येते. ग्राफाच्या कागदावर आयुष्य घालविलेल्या नक्षीकारांची पिढी मागे पडत चालली आहे आणि ते काम आता संगणकाच्या पडद्यावर होते. त्या पडद्यासमोर बसणारा उद्याचा नक्षीकार आज आपल्या घरात, आपल्या गल्लीत पाच-सात वर्षांचा असेल.

अलीकडे तर चार शब्द लिहिले की यंत्रच चित्र काढून देते. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याने स्वतः एक चौकटही रंगविली नाही, त्याला त्या आयत्या चित्रातील बरे-वाईट पारखता येणार नाही. कापड विकणाऱ्यालाही ताणा-बाणा कळावा लागतो, तसेच हे आहे.

आज बहुतेक घरांत मुलांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यावर मुले दुसऱ्याने केलेले पाहत बसतात. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे ते मागावरील मूल दुसऱ्याच्या नक्षीसाठी दोऱ्या ओढीत होते. आपले मूल दुसऱ्याच्या चित्रांसाठी बोट सरकवीत बसले, तर फरक फारसा उरला नाही. त्याच पडद्यावर रोज अर्धा तास कोरा कागद उघडून दिला, शेजारी एखादे वडीलधारे माणूस बसले आणि काढलेले चित्र कौतुकाने पाहिले, तर तेच यंत्र मुलाला कर्ता बनवील. त्यासाठी मोठा खर्च नाही. विनामूल्य कार्यक्रम मराठीतही उपलब्ध आहेत. समाजातील जाणत्या तरुणांनी सुटीच्या दिवसांत असे वर्ग चालवावेत, आणि त्यात गरीब घरच्या मुलांना प्रथम बसवावे, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी नम्र विनंती.

चौकट लहान असते. पण ती रंगवावयाची की कोरी ठेवावयाची, हे ठरविण्याचा अधिकार मुलाच्या हाती द्यावा. अस्तु.