मिझेस, लुडविग फॉन : जिनीव्हा पर्व (१९३४–४०)

ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस (१८८१–१९७३) यांचा जिनीव्हाच्या पदव्युत्तर आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेतील अध्यापनकाळ.

विल्यम रापार आणि पॉल मांतू यांनी १९२७ साली ही संस्था काढली. दोघेही राष्ट्रसंघाच्या सचिवालयात मुरलेले. रापार मँडेट विभागाचे, तर मांतू राजकीय विभागाचे संचालक होते. पैशाचा मोठा भार अमेरिकेतील रॉकफेलर निधीने उचलला. अध्यापन फ्रेंच आणि इंग्रजीत चाले. नाझी राजवटीने हुसकावलेल्या विद्वानांना संस्थेने आसरा दिला : कायदेपंडित हान्स केल्झन १९३३ मध्ये, तर अर्थतज्ज्ञ व्हिल्हेल्म रोप्के १९३७ मध्ये येथे आले.

मिझेस यांनी १९०९ पासून व्हिएन्नाच्या व्यापारमंडळात नोकरी केली. विद्यापीठात ते शिकवत, पण पूर्णवेळ प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. रापार यांनी १९३४ मध्ये त्यांना एका वर्षासाठी बोलावले. त्या वर्षाची सहा वर्षे झाली. विषय होता आंतरराष्ट्रीय आर्थिक संबंध. शिकवण्याचा बोजा हलका होता आणि लिहायला वेळ भरपूर.

संस्थेच्या प्राध्यापकांचा ‘द वर्ल्ड क्रायसिस’ हा लेखसंग्रह १९३८ मध्ये निघाला. त्यातला मिझेस यांचा आंतरराष्ट्रीय श्रमविभागणीच्या विघटनावरील लेख या पर्वाचे सार सांगतो. सरकार देशांतर्गत किमती, वेतन आणि उत्पादनात हात घालू लागले की आयात रोखल्यावाचून त्याचा इलाज चालत नाही. म्हणून जकातीच्या भिंती, आयात-कोटे आणि परकीय चलनावरील निर्बंध हे त्या धोरणाचेच अपत्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुळातले धोरण न बदलता परिषदा आणि करार करून काही साधणार नाही, हा त्याचा रोख. राष्ट्रसंघाच्या दारातच, त्याच्यासाठी माणसे घडवणाऱ्या संस्थेत, हे मांडले जात होते. महामंदीतल्या बेकारीपुढे सरकारांना हातावर हात ठेवून बसणे शक्य होते का, या प्रश्नाला मात्र हे विवेचन तोकडे पडते.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. नाझींनी मिझेस यांच्या व्हिएन्नातील घरातून ग्रंथ आणि कागदपत्रे उचलून नेली. ती कागदपत्रे १९९० च्या दशकात मॉस्कोच्या अभिलेखागारात सापडली. १९३८ मध्येच जिनीव्हात मिझेस यांचा मार्गिट यांच्याशी विवाह झाला.

जिनीव्हातील खरी कमाई म्हणजे ‘नात्सिओनालएकोनोमी’ हा सुमारे साडेसातशे पानांचा जर्मन ग्रंथ. तो मे १९४० मध्ये, म्हणजे हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसत असताना निघाला. जर्मन वाचकांची बाजारपेठ बंद असल्याने त्याची दखल जवळजवळ घेतलीच गेली नाही. जुलैमध्ये पतिपत्नी बसने फ्रान्समार्गे स्पेनकडे निघाली आणि लिस्बनहून ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. केल्झनही त्याच वर्षी अमेरिकेला गेले. रोप्के जिनीव्हातच राहिले.

या ग्रंथाच्या पायावर मिझेस यांनी ‘ह्यूमन ॲक्शन’ (१९४९) हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. न्यूयॉर्क विद्यापीठात ते १९४५ ते १९६९ पर्यंत अभ्यागत प्राध्यापक होते. त्यांचे मानधन खाजगी देणग्यांतून येत असे.