नवसागराची बाटली

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पण त्याआधी दोन वर्षे मी चोपड्यात सायन्सला होतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

साल १९८६. सातपुड्याच्या पायथ्याचे, केळीच्या बागांनी वेढलेले आमचे गाव. अब्बा कल्हईवाले. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत आम्ल, आम्लारी, क्षार शिकलेला. अकरावीत गेलो आणि त्या एका जूनमध्ये सगळ्यांची नावे बदलली. ॲसिड, बेस, सॉल्ट! सर जीव तोडून शिकवत, आम्ही फळ्यावरचे वहीत उतरवून घेत असू. हे शास्त्र साहेबाचे, आपले नव्हे, अशी माझी खात्रीच झाली.

एकदा प्रॅक्टिकलला क्षार ओळखायचा होता. चिमूटभर पांढरी पूड परीक्षानळीत तापवली. पांढरा धूर निघाला आणि नळीच्या वरच्या गार भागावर पांढरा थर जमला. मी चमकलो. हा तर अब्बांच्या भट्टीवरचा धूर! बाटलीवर इंग्रजीत लिहिले होते, अमोनियम क्लोराइड. आमच्या घरी त्याला नौसादर म्हणत आणि बाजारात नवसागर.

संध्याकाळी मी ऐटीत सांगितले, “अब्बा, आपला नौसादर कॉलेजात आहे.”

भाता थांबवून त्यांनी विचारले, “तिथं त्याचं काय करता?”

“ओळखतो.”

“बरं. तो तांब्याला नेमकं काय करतो, ते सांगितलं का?”

मला सूत्र पाठ होते. उत्तर येत नव्हते. बारावीत रसायनातच गटांगळ्या खाल्ल्या, कसाबसा काठावर तरलो आणि आर्ट्सला गेलो.

पुढे वाचनाच्या नादात या शब्दांच्या मागे लागलो, तेव्हा कळले की साहेबाचे म्हणून ज्याला भ्यालो, त्यातले कितीतरी आपल्याच उंबऱ्याशी होते. ‘किमया’ हा शब्द आपण मराठीत सहज वापरतो. तो अरबीतला. ‘अल्-किमिया’पासून पुढे युरोपात ‘केमिस्ट्री’ झाले. कल्हई हा शब्द अरबी, नवसागर फारसीतून आलेला. इराणातला वैद्य अल्-राझी इसवी सन ९२५च्या सुमारास वारला. तापवले की उडून जाणाऱ्या पदार्थांची त्याने यादी केली. तीत पारा, गंधक, हरताळ-मनशीळ यांच्या पंक्तीला नवसागर बसला आहे. पारा आणि गंधक तर आपल्याकडच्या रसशास्त्रातही मानाचे. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी त्या परंपरेचा इतिहास इंग्रजीत लिहिला. त्याचा पहिला खंड १९०२ साली निघाला.

आमच्याकडच्या केळीवाल्यांच्या ओळखीचे उदाहरण सांगतो. खताच्या गोणीवर ‘एन-पी-के’ असते, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. पालाशला इंग्रजीत पोटॅशियम म्हणतात, मग अक्षर ‘के’ कसे? खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेला अरबीत ‘अल्-कली’ म्हणत. त्यावरून ‘अल्कली’ आणि पुढे ‘कालियम’ हे नाव झाले. ‘के’ हे त्याचेच पहिले अक्षर. हम्फ्री डेव्ही याने १८०७ साली वीज वापरून हा धातू प्रथम वेगळा केला, तो पोटॅशमधून. आणि पोटॅश म्हणजे काय? शब्दशः, भांड्यातली राख! राखेने भांडी घासणाऱ्या आमच्या दादीला त्याचे फारसे नवल वाटले नसते.

मग हे मराठीत सांगणारे कोणी नव्हते का? होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रावर मराठीत पुस्तके लिहिली. मी अकरावीच्या बाकावर बसण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मला ती कळली चाळिशी उलटल्यावर. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. तिच्यावाचून पुढचे दार उघडत नाही. पण अमोनियम क्लोराइडच्या बाटलीवर कोणी ‘नवसागर’ असे लिहून ठेवले असते, तर अब्बांना जाऊन विचारायचे मला सुचले असते. प्रश्न त्यांच्याकडे होता, सूत्र माझ्याकडे होते. दोघांची गाठ पडली नाही.

अब्बा आता नाहीत. स्टीलच्या भांड्यांनी त्यांची भट्टी आधीच विझवली होती. त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आज रेडिओवरून देतो.

अब्बा, भांडे तापले की तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो. त्याच्यावर कथील धरत नाही. तुम्ही नौसादर टाकता, तो उष्णतेने फुटतो, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू निघतात. दुसरा वायू तो काळा थर खातो आणि खालचे तांबे उघडे पडते. मग तुम्ही कापसाच्या बोळ्याने कथील फिरवता, आणि ते धरते. वर जाताना ते दोन्ही वायू गार होऊन पुन्हा एक होतात. तो पांढरा धूर म्हणजे तुमचा नौसादरच, अब्बा.