टेम्प्टेशन्सचं उतरवलेलं नाव

टेम्प्टेशन्स या डेट्रॉइटच्या सोल गायकवृंदाच्या जन्माची गोष्ट आवाजांच्या अंगानेच सांगितली जाते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमहून आलेल्या ‘प्राइम्स’मधले एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स, डेट्रॉइटच्या ‘डिस्टंट्स’मधले ओटिस विल्यम्स, मेल्विन फ्रँकलिन आणि एल्ब्रिज ब्रायंट, दोन मोडलेल्या वृंदांतून उभा राहिलेला तिसरा. ते खोटं नाही. पण त्यांचं कूळ शोधायचं तर नावांचा माग काढावा, कारण प्रत्येक नावावर कुणा दुसऱ्याचा हक्क निघतो. ‘डिस्टंट्स’ हे नाव त्यांच्या व्यवस्थापक जॉनी मे मॅथ्यूज यांनी स्वतःकडे ठेवलं. पोरं सुटली, नाव सुटलं नाही. मग नवं नाव आलं ‘एल्जिन्स’. ते इलिनॉयच्या प्रसिद्ध घड्याळांवरून सुचलं असावं, असा माझा तर्क. शोकेसमधून नावं उचलायचा तो काळ होता. १९६१ मध्ये मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या मिरॅकल लेबलशी करार होताना कळलं की एल्जिन्स नावाचा वृंद आधीच आहे. तेव्हा ओटिस आणि कंपनीतले बिली मिचेल यांनी कचेरीच्या पायऱ्यांवर ‘टेम्प्टेशन्स’ ठरवलं.

यावर कुणी म्हणेल, नाव मोहक होतं म्हणून टिकलं. मला हे पटत नाही. कंपनीला त्याचं एवढं कौतुक असतं, तर १९६२ मध्ये तिचे मालक बेरी गॉर्डी यांनी याच पाच जणांची एक तबकडी ‘पायरेट्स’ नावाने काढली नसती. ती चालली नाही आणि जुनं नाव राहिलं. निवड कसली, तो योगायोगच. तोवर कंपनीत त्यांना चेष्टेने ‘हिटलेस टेम्प्टेशन्स’ म्हणत. ब्रायंट वृंदातून गेले, १९६४ मध्ये डेव्हिड रफिन आले, मोटाउनचे गीतकार स्मोकी रॉबिन्सन यांच्या गाण्यांनी दिवस पालटले. मोहिनी नावाला आली ती त्यानंतर.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात बळकट पुरावा मात्र ‘एल्जिन्स’चाच. नाव दुसऱ्याचं म्हणून सोडायला लावणाऱ्या मोटाउननेच काही वर्षांनी ते कोठीतून काढलं आणि आपल्याच ‘डाउनबीट्स’ या वृंदाला चढवलं. त्या वृंदाच्या ‘डार्लिंग बेबी’ या गाण्याच्या पहिल्या काही तबकड्यांवर तर ‘डाउनबीट्स’च छापलेलं आहे. टेम्प्टेशन्सच्या अंगावरून उतरवलेलं ते नाव १९७१ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. तोवर ते नाव चढवलेला वृंद मोडून गेला होता.