‘ओपन’ कुणासाठी खुली? इंडियन ओपन गोल्फ स्पर्धेची कहाणी

#थ्रेड 🧵

मार्च महिना आला की दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये इंडियन ओपन या व्यावसायिक गोल्फ स्पर्धेची लगबग सुरू होते. गुरुवार ते रविवार असे चार दिवस, रोज १८ होल, एकूण ७२. दोन दिवसांच्या खेळानंतर जवळपास निम्मे खेळाडू गळतात. उरलेल्यांपैकी जो सर्वांत कमी फटक्यांत ७२ होल पूर्ण करतो, तो विजेता. स्पर्धा आता युरोपीय मालिकेचा भाग असल्याने युरोप, दक्षिण आफ्रिका, जपान अशा दूरदूरच्या देशांतून खेळाडू येतात.

या स्पर्धेच्या नावातला ‘ओपन’ हा शब्द आपण सहज उच्चारून पुढे जातो. ओपन, म्हणजे खुली. पण कुणासाठी? या एका प्रश्नाच्या मागे गेले, की भारतातील गोल्फचा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

प्रथम स्कॉटलंडकडे वळावे लागेल. १८६० साली प्रेस्टविक येथे आठ व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा झाली. हे व्यावसायिक म्हणजे आजच्यासारखे तारांकित खेळाडू नव्हेत. कुणी मैदानाची निगा राखणारा, कुणी चेंडू आणि काठ्या घडवणारा, कुणी धनिकांची काठ्यांची पिशवी वाहणारा. दुसऱ्याच वर्षी ही स्पर्धा हौशी खेळाडूंनाही खुली झाली आणि तिला ‘ओपन’ हे नाव शोभू लागले. म्हणजे आरंभी दार उघडले गेले ते साहेबांसाठी, नोकरांच्या स्पर्धेत उतरता यावे म्हणून!

आज ‘हौशी’ म्हणजे कच्चा आणि ‘व्यावसायिक’ म्हणजे पक्का, असा अर्थ आपल्या मनात ठसलेला आहे. त्या काळी प्रतिष्ठेचा क्रम नेमका उलटा होता. हौशी खेळाडू म्हणजे सद्गृहस्थ. खेळून पैसे घेणारा तो व्यावसायिक, म्हणजे जवळजवळ चाकर. १९२० साली इंग्लंडमधील डील येथे ओपन स्पर्धा झाली, तेव्हाही व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता. अमेरिकेहून आलेल्या वॉल्टर हेगन यांनी मग एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. निषेधाची याहून देखणी तऱ्हा क्रीडा-इतिहासात क्वचितच सापडेल.

‘कॅडी’ हा शब्दही याच जगातला. फ्रेंच ‘कादे’, म्हणजे घरातला धाकटा मुलगा किंवा शिकाऊ लष्करी उमेदवार. स्कॉटलंडमध्ये त्याचे रूप बदलले, अर्थही घसरला. अठराव्या शतकातील एडिंबरोत निरोप पोहोचवणारे, ओझी वाहणारे हरकामे ‘कॅडी’ म्हणून ओळखले जात. तेथून तो शब्द गोल्फच्या मैदानावर आला आणि मैदानासोबत जगभर गेला.

भारतात हे सारे फार लवकर आले. १८२९ साली कोलकात्याजवळ डमडम येथे गोल्फ क्लब स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा जगातील सर्वांत जुना गोल्फ क्लब. अमेरिकेतला टिकून राहिलेला पहिला क्लब १८८८ चा, म्हणजे कोलकाता त्याच्या जवळजवळ साठ वर्षे पुढे. मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला होता. कोलकात्याच्या क्लबने १८९२ मध्ये हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली आणि १९११ च्या सुमारास, पंचम जॉर्ज यांच्या भारतभेटीच्या वेळी, त्याच्या नावाआधी ‘रॉयल’ लागले.

क्लब आला, हिरवळ आली, आणि त्या हिरवळीसोबत प्रतिष्ठेची ती उतरंडही जशीच्या तशी आली. पिशवी उचलायला, झुडपात हरवलेला चेंडू शोधायला, गवत राखायला आसपासच्या वस्त्यांतली माणसे आणि मुले. ब्रिटिश गेल्यावर खुर्च्यांवरची माणसे बदलली. पिशवी मात्र त्याच खांद्यांवर राहिली.

आता १९६४. पीटर थॉमसन हे ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोल्फपटू. ब्रिटिश ओपन तोवर चारदा जिंकलेले, पाचवे विजेतेपद पुढच्याच वर्षी यायचे होते. ऑस्ट्रेलियाहून ब्रिटनकडे जाताना त्यांचा मुक्काम भारतात पडे. इथल्या खेळात पुढे जाण्याची शक्यता आहे, हे त्यांनी हेरले आणि भारताची स्वतःची ओपन स्पर्धा असावी असा आग्रह धरला. दिल्ली गोल्फ क्लबवर पहिली इंडियन ओपन झाली आणि ती जिंकली स्वतः थॉमसन यांनीच. १९६६ आणि १९७६ मध्ये त्यांनी पुन्हा बाजी मारली.

दिल्लीच्या या मैदानाविषयी थोडे विषयांतर इतिहासप्रेमींना चालेल. १९३० च्या दशकाच्या आरंभी नव्या राजधानीसोबत आकाराला आलेले हे मैदान जुन्या थडग्यांच्या सोबतीने वसले आहे. लाल बंगला या नावाने ओळखले जाणारे उत्तर मुघल काळातले मकबरे, इतर घुमट, मोर आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी काटेरी झुडपे. फेअरवे इतके अरुंद की सर्वांत लांब फटका मारणारी ‘ड्रायव्हर’ काठी पुष्कळदा पिशवीतच राहते. ताकदीपेक्षा नेम मोठा. या मैदानाची पुनर्रचनाही १९७० च्या दशकात थॉमसन यांनीच केली. हा अरुंदपणा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९६५ ची दुसरी स्पर्धा कोलकात्यात झाली आणि भारताला पहिला विजेता मिळाला : प्रेम गोपाल उर्फ बिल्लू सेठी. ते हौशी खेळाडू होते, त्यामुळे नियमानुसार बक्षिसाची रक्कम त्यांना घेता आली नाही. नामवंत परदेशी व्यावसायिकांना एका हौशी भारतीयाने मागे टाकावे, हा पराक्रम मोठाच. या स्पर्धेत हौशी खेळाडूने मिळवलेले ते एकमेव विजेतेपद आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. त्या काळच्या भारतात पुरेसा सराव, चांगल्या काठ्या आणि मैदानावर मनाजोगता वेळ मिळू शकत होता तो अशा क्लब-सदस्यांनाच.

त्यानंतर काय झाले? पुढची २६ वर्षे एकही भारतीय ही स्पर्धा जिंकू शकला नाही.

या काळात स्पर्धा दिल्ली आणि कोलकाता यांच्यात फिरत राहिली. १९७० मध्ये ती आशियाई मालिकेत सामील झाली आणि जपानी, तैवानी, ऑस्ट्रेलियन, अमेरिकी खेळाडू येऊन चषक नेऊ लागले. जपानच्या केन्जी होसोइशी यांनी तर त्याआधीच १९६७ आणि १९६८ असा सलग दोनदा तो नेला होता. १९८१ चे विजेते होते पेन स्टुअर्ट नावाचे एक अमेरिकी तरुण. पुढे त्यांनी यूएस ओपन दोनदा जिंकली आणि १९९९ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या उमेदवारीच्या काळातले एक पान भारतात लिहिले गेले आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.

आपले खेळाडू कुठे होते? ते मैदानावरच होते, पिशव्या वाहत. सदस्यांच्या सुटीच्या दिवशी, बहुधा सोमवारी, अनेक क्लबांत कॅडींना खेळू देत. काठ्या सदस्यांनी टाकून दिलेल्या किंवा उसन्या आणलेल्या. आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात नवा संच घेणे मध्यमवर्गालाही परवडत नसे, तिथे कॅडीची काय कथा! शिकवायला प्रशिक्षक नाही. पण एक गोष्ट त्यांच्यापाशी होती, जी पैशाने मिळत नाही. वर्षानुवर्षे इतरांचे चांगले-वाईट फटके बघून त्या मैदानाचा प्रत्येक चढ-उतार, ग्रीनवर चेंडू कुठे वळतो, कुठले झुडूप गिळतो, हे त्यांना तोंडपाठ झाले होते. दिल्लीसारख्या अरुंद मैदानावर हेच ज्ञान निर्णायक ठरते.

१९९१ मध्ये त्याचा पुरावा मिळाला. दिल्ली गोल्फ क्लबवर पिशव्या वाहून मोठे झालेले अली शेर यांनी त्याच मैदानावर इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. योगायोग म्हणून हे सोडून देणाऱ्यांसाठी १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. भारताच्या आर्थिक उदारीकरणाचे वर्ष म्हणून १९९१ सर्वांना पाठ असते; गोल्फच्या इतिहासात त्या वर्षी एक वेगळेच कुलूप निघाले.

मग दार थोडे रुंदावले. १९९८ मध्ये कोलकात्याचे फिरोज अली, १९९९ मध्ये अर्जुन अटवाल, २००० मध्ये ज्योती रंधावा. २००२ मध्ये लखनौचे विजय कुमार जिंकले, तेही कॅडी म्हणूनच वाढलेले. रंधावा यांनी २००६ आणि २००७ अशी आणखी दोन विजेतेपदे मिळवली.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. सगळे श्रेय कॅडींच्या पदरात टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. रंधावा लष्करी अधिकाऱ्याच्या घरातले, २०१५ चे विजेते अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टरांचे चिरंजीव. छावणीतली गोल्फ मैदाने हा भारतीय गोल्फचा दुसरा पाळणा आहे आणि त्यावर स्वतंत्र थ्रेड होऊ शकेल. तरीही २०१७ पर्यंतच्या १३ भारतीय विजेतेपदांपैकी निदान ५ कॅडी म्हणून वाढलेल्यांची आहेत. ‘गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ’ हे वाक्य क्लबच्या सदस्य-यादीपुरते खरे मानावे, चषकावरच्या नावांपुरते नव्हे.

ही कहाणी सीमेपलीकडेही पोहोचते. २०१३ मध्ये दिल्लीत ही स्पर्धा जिंकली बांगलादेशच्या सिद्दिकुर रहमान यांनी. ढाक्याच्या कुर्मीटोला मैदानावर चेंडू वेचणारा मुलगा म्हणून त्यांनी सुरुवात केली होती. त्यांच्या मागे अवघ्या एका फटक्याने राहिलेल्यांत होते एस. एस. पी. चौरासिया.

शिव शंकर प्रसाद चौरासिया यांच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. त्यांचे वडील रॉयल कोलकाता क्लबवर मैदानाची निगा राखत. घर मैदानालगत, शाळा मैदानाच्या कडेकडेने, खेळ पाहून पाहून शिकलेला. लहान वयातच ते कॅडी झाले. उंची बेताची, फटकाही फार लांब जाणारा नाही; पण ग्रीनच्या आसपासचे त्यांचे हात विलक्षण. आडनावाशी कोटी करून सहकाऱ्यांनी त्यांना ‘चिपपुट्सिया’ म्हणायला सुरुवात केली. चिप आणि पट म्हणजे जवळचे, हळुवार फटके.

२००८ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स झाली. युरोपीय मालिकेची ती भारतातली पहिली स्पर्धा. चौरासिया यांनी ती जिंकली. मात्र इंडियन ओपन त्यांना हुलकावणी देत राहिली. १९९९, २००६, २०१३ मध्ये उपविजेते. २०१५ मध्ये तर लाहिरी यांच्याशी बरोबरी झाली आणि निर्णायक जादा होलवर पुन्हा हार.

२०१६ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्यांनी अखेर ती जिंकली. उपविजेत्यांत या वेळी होते लाहिरी.

पुढच्या वर्षी स्पर्धा दिल्लीतून गुरुग्रामला हलली आणि सर्वांनी मान हलवली. हे मैदान दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेअर यांनी आखलेले. लांबलचक, खोल आणि खडकाळ कडांचे वाळूचे खड्डे असलेले. चौरासिया यांची बालपणापासूनची ओळख येथे कामी येणार नव्हती, आणि आखूड फटका तर उघडच अडचणीचा. ते सात फटक्यांच्या आघाडीने जिंकले. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला.

गुरुग्रामचे मैदान किती निर्दय आहे, याची कल्पना २०१९ च्या विजेत्यावरून येते. स्कॉटलंडच्या स्टीफन गॅलाकर यांना शेवटच्या दिवशी सातव्या होलवर, जिथे चार फटके अपेक्षित असतात, तिथे आठ लागले. एरवी एवढ्यावर माणूस मनातून स्पर्धा सोडतो. गॅलाकर यांनी शेवटचे तीनही होल अपेक्षेपेक्षा एकेक फटका कमी घेऊन पूर्ण केले आणि चषक नेला. म्हणून इथे रविवारी दुपारी आघाडीच्या आकड्यावर फार विसंबू नये. शेवटची जोडी परत येईपर्यंत काहीही घडू शकते.

महासाथीच्या काळात, २०२० ते २०२२, स्पर्धा झाली नाही. २०१७ नंतरचे विजेते पाहा : मॅट वॉलेस, गॅलाकर, जर्मनीचे मार्सेल सीम, जपानचे केइता नाकाजिमा, आणि २०२५ मध्ये स्पेनचे युहेनियो चाकारा. पाचांत एकही भारतीय नाही. सर्वांत जवळ गेले २०२४ मध्ये वीर अहलावत, नाकाजिमांच्या मागे संयुक्त दुसरे. ते गुरुग्रामचेच, आणि हे मैदान त्यांचे घरचे. बदल इथेही दिसतो : नव्या पिढीतले बहुतेक खेळाडू प्रशिक्षक, अकादमी आणि पाठबळ यांच्यासह येतात. लांब फटक्याच्या या मैदानांना तेच लागते. सोमवारी उसन्या काठ्यांनी शिकलेला मुलगा इथवर पोहोचण्याची वाट आता अधिक लांब झाली आहे.

स्पर्धेच्या गुरुवारी सकाळी पहिला चेंडू उडेल तेव्हा कॅमेरा खेळाडूवर असेल. त्याच्या चार पावले मागे, पिशवी खांद्यावर घेऊन, वाऱ्याचा अंदाज घेत उभ्या असलेल्या माणसाकडेही एकदा पाहावे. अली शेर, विजय कुमार, चौरासिया कधीकाळी तिथेच उभे होते.