महाल गुलारा : उतावळीच्या पाण्यावरचा वारसा

बुऱ्हाणपूरला पाहुणे आले की त्यांची फेरी ठरलेली असते. शाही किल्ल्यातला हमाम, जामा मशीद, कुंडी भंडारा, शाहनवाजखानाचा मकबरा म्हणजे आपला 'काळा ताज', आणि वेळ उरला तर असीरगड. संध्याकाळी मावा जिलेबी खाऊन पाहुणे गाडीत बसतात. महाल गुलारा मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो. शहराबाहेर, अमरावतीच्या रस्त्याला, सुमारे एकवीस किलोमीटरांवर तो आहे. शनवाऱ्यात जन्म गेला, पण महाल गुलारा पाहिला नाही, अशी माणसे आमच्या मंडळातही आहेत. म्हणून यंदाच्या स्मारिकेत या स्थळाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही ठरवले.

अमरावतीच्या रस्त्याने सिंघखेड्यापर्यंत जायचे आणि तिथून आत वळायचे. पुढे मेळघाटाकडे सरकत जाणाऱ्या सातपुड्याच्या डोंगररांगा दिसू लागतात. बडी उतावली नदी याच भागातून खाली येते. मराठी तोंडात तिची 'उतावळी' होते आणि पावसाळ्यात ते नाव तिला शोभतेही. या नदीच्या पात्रात आडवा दगडी बांध घातलेला आहे. बांधाच्या दोन्ही टोकांना, दोन काठांवर, समोरासमोर दोन महाल उभे आहेत. पाणी बांधाच्या माथ्यावर चढले की त्याची सलग चादर खाली कोसळते. मोगल बागांमध्ये अशा पडत्या पाण्याला चादरच म्हणत. काश्मीरच्या बागांत ती कोरलेल्या दगडावरून उतरते. इथे अख्खी नदीच चादर झाली आहे. भादव्यात, पाऊस उघडल्यावर पण नदी भरलेली असताना, हे दृश्य सर्वांत सुंदर दिसते.

हे बांधले कोणी? शहाजादा खुर्रम १६१७ साली दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात आला. त्या मोहिमेच्या यशानंतर त्याच वर्षी मांडूला जहांगीरने त्याला 'शाहजहान' हा किताब दिला. ज्या नावाने जग त्याला ओळखते, ते नाव त्याला बुऱ्हाणपूरच्या मुक्कामानंतर मिळाले, हे आपण विसरून जातो. पुढे १६२१ साली तो पुन्हा दख्खनवर आला. या काळात करारा हे गाव त्याची आवडती शिकारगाह बनले. अब्दुल हमीद लाहोरीच्या 'बादशाहनाम्या'त या कराऱ्याचे वर्णन आहे. तिथे नदीवर पूर्वीचा एक बांध होता. शाहजहानने शहाजादा असतानाच त्याच्यापुढे दुसरा बांध घालविला, त्यामुळे मध्ये तलाव साठला आणि पाण्याचे धबधबे झाले. आजचा महाल गुलारा तो हाच.

या बांधकामाचे मोल कळण्यासाठी कुंडी भंडाऱ्याची आठवण ठेवावी. १६१५च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, एकामागून एक कुंड्या खोदून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. ना मोट, ना रहाट. तिथे पाणी लपवून आणले, इथे ते उघड्यावर मिरवले. एक पाणी तहानेसाठी, दुसरे डोळ्यांसाठी. दोन्ही कामे जेमतेम काही वर्षांच्या अंतराने एकाच शहराच्या आसपास झाली. कुंडी भंडारा २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत गेला, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. त्याचे हे धाकटे भावंड मात्र अजून ओळखीच्या प्रतीक्षेत आहे.

आता लोककथा. गावात कोणालाही विचारा, तो सांगेल की कराऱ्यात गुलारा नावाची अतिशय सुंदर गाणारी होती. शिकारीला आलेल्या शहाजाद्याने तिचे गाणे ऐकले, तो तिच्यावर लुब्ध झाला, तिच्याशी लग्न केले आणि गावाचे नाव बदलून 'महाल गुलारा' ठेवले. चांदण्या रात्री पाण्याचा आवाज मागे आणि तिचा सूर पुढे, असे हे महाल तिच्यासाठीच बांधले, अशी ही कथा. समोरासमोरचे ते दोन महाल आणि मधले कोसळते पाणी पाहिले की कथा खोटी म्हणायला जीभ धजत नाही.

तरी इतिहासाला प्रश्न विचारलाच पाहिजे. शाहजहानच्या ज्या बेगमांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत, त्यांत गुलारा नाही. १६१७ सालीच त्याचे एक लग्न झाले, ते खानखानाच्या नातीशी, म्हणजे शाहनवाजखानाच्या मुलीशी. योगायोग असा की त्या शाहनवाजखानाचा मकबराही या उतावळीच्याच काठी आहे, नदी शहराजवळ आल्यावर.

गाणारी स्त्री आणि शहाजादा ही जोडी मात्र बुऱ्हाणपूरच्या इतिहासात खरोखर आहे. फक्त शहाजादा वेगळा आहे. तापीपलीकडे जैनाबादेत आहूखाना आहे. आहू म्हणजे हरिण. हरणे राखलेली ती शाही बाग. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना याच बागेत त्याची नजर हिराबाई ऊर्फ जैनाबादी हिच्यावर पडली. ती नातेवाइकाच्या जनानखान्यातली गाणारी. तिने उडी मारून आंब्याच्या झाडाची फांदी धरली आणि फळ तोडले, त्या बेफिकिरीवरच शहाजादा भाळला, अशी हकीकत 'मआसिर-उल-उमरा'त आहे. ती तरुणपणीच वारली. एका शहाजाद्याची गोष्ट लोकांच्या तोंडी फिरता फिरता त्याच्या बापाला जाऊन चिकटली असेल काय? आम्हाला तसे वाटते. पण गुलाराची कथा म्हणून टाकून द्यावी असे मुळीच नाही. बादशाहनाम्यात शिकार आहे, बांध आहे, बादशहा आहे. कराऱ्याच्या लोकांपैकी कोणी नाही. ज्या गावाच्या नदीवर हे सारे उभे राहिले, त्या गावाने आपली एक मुलगी या कथेत बसवली. हा हक्क गावाचाच आहे.

पाण्याच्या या कथेला एक कोरडी बाजूही आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १६३०च्या आरंभी शाहजहान बादशहा म्हणून बुऱ्हाणपुरात आला आणि दोन वर्षे राहिला. खानजहान लोदीचे बंड आणि निजामशाही, ही दोन्ही कामे त्याला उरकायची होती. त्याच सुमारास शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झालेला. आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन दुष्काळाने होरपळले. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे आला, तेव्हा त्याने वाटेत मेलेली आणि मरणारी माणसे पाहिली आणि लिहून ठेवली. बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगरखाने उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, अशी दरबारी नोंद आहे. आमच्या घराघरांत ज्यांचे अभंग म्हटले जातात, त्या तुकोबांच्या संसाराची राखरांगोळी झाली ती याच दुष्काळात. देहू आणि बुऱ्हाणपूर यांना जोडणारा हा दुवा आम्हाला नेहमी अस्वस्थ करतो. नदी एका माणसाच्या विरंगुळ्यासाठी अडवता येते, हे ज्या राज्याला ठाऊक होते, त्याच राज्यात लाखो लोक पाण्यावाचून गेले.

दुष्काळ चालू असतानाच, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या अपत्याच्या जन्मावेळी मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली. जैनाबादच्या बागेत तिला दफन केले आणि डिसेंबरात शहाजादा शुजाच्या सोबतीने तिचे शव आग्र्याला नेले. बादशहा त्यानंतर थोड्याच महिन्यांत परतला. राजधानी उत्तरेकडे सरकली, नंतर दख्खनचे केंद्र औरंगाबादला गेले आणि कराऱ्याची शिकारगाह ओस पडली. बांध मात्र राहिला. नदीला धनी बदलल्याची खबर नसते.

धनी पुष्कळ बदलले. निजाम-उल्-मुल्काने १७३१ साली शहराभोवती तट बांधला. आमचा शनवारा दरवाजा त्याच तटाचा. १७६०च्या उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, १८०३ साली इंग्रजांनी घेतले, तहाने परत दिले आणि १८६० साली शिंद्यांकडून कायमचे घेतले. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. २००३ साली खंडव्यातून वेगळा होऊन बुऱ्हाणपूर जिल्हा झाला. मराठी माणूस इथे या सगळ्या घडामोडींतून राहिला आहे. शनवारा, इतवारा, बुधवारा ही नावे ऐकून पुण्याचा पाहुणा हसतो, कारण त्याला आपल्या पेठा आठवतात.

सिनेमाने या परिसराशी आपले नाते दोन तऱ्हांनी जोडले. शाहजहानची कथा पडद्यावर अनेकदा आली. १९४६ साली कारदारांचा 'शाहजहान' आला, सैगलचा आवाज आणि नौशादचे संगीत घेऊन. १९६३ साली प्रदीपकुमार आणि बीना राय यांचा 'ताजमहल' आला. रोशनच्या चाली आजही आमच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात गायल्या जातात. शेजारच्या खंडव्याने तर हिंदी सिनेमाला किशोरकुमार दिला. पण प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडला तो आग्र्याचे चित्र डोळ्यांत घेऊन. मुमताज जिथे जगली, मेली आणि सहा महिने विसावली, त्या तापीकाठाची आठवण कोणाला राहिली नाही.

दुसरी तऱ्हा २०२५ सालची. फेब्रुवारीत 'छावा' प्रदर्शित झाला आणि त्यात संभाजीराजांच्या काळातली बुऱ्हाणपूरची स्वारी साऱ्या देशाने पाहिली. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण पुढे जे झाले ते चिंतेचे होते. असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत मोगलकालीन सोन्याची नाणी सापडतात, अशी आवई उठली आणि माणसे रात्री टॉर्च घेऊन, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन जमीन खणू लागली. शेवटी पोलिसांना मध्ये पडावे लागले. इतिहास पाहिला असता, तर एवढे तरी कळले असते की १६८१च्या जानेवारीअखेर मराठ्यांनी लुटले ते शहराबाहेरचा बहादूरपुरा आणि आसपासचे पुरे. असीरगड तिथून कोसो दूर, उत्तरेच्या डोंगरात. खणणारे चुकीच्या जागी खणत होते. आणि बरोबर जागी खणले असते, तरी सापडले असते ते काय? जे नेले ते तीनशे चाळीस वर्षांपूर्वीच नेले.

म्हणूनच महाल गुलाराविषयी आज लिहावेसे वाटले. उद्या एखादा दिग्दर्शक या धबधब्यापाशी कॅमेरा लावेल, गुलारा पडद्यावर गाईल आणि दुसऱ्या दिवशी इथे गर्दी लोटेल. त्या गर्दीला कथा आणि इतिहास वेगवेगळे सांगणारे कोणीतरी हवे. नाहीतर बांधाच्या चिऱ्यांखालीही कोणीतरी धन शोधू लागेल. आताच सहलीला आलेल्यांच्या पत्रावळी, थर्माकोलच्या वाट्या आणि भिंतींवर खरडलेली नावे आम्ही पाहतो. चारशे पूर सोसलेला दगड पुराने जाणार नाही, पण दुर्लक्षाने जाईल.

मंडळाच्या सभासदांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली : गौरी-गणपती झाल्यावर, नवरात्रापूर्वी, मुलांना घेऊन एक दिवस महाल गुलाराला जावे, बांधाचा माथा शेवाळलेला असतो, तेव्हा त्यावर चढू नये आणि सोबत नेलेले सगळे सामान परत आणावे. दुसरी : तिथे हिंदी, मराठी आणि उर्दू अशा तीन भाषांत साधा माहितीफलक लागावा, यासाठी प्रशासनाकडे अर्ज करावा; मजकूर आम्ही तयार करून देऊ. तिसरी : गावातल्या वृद्धांकडून गुलाराची कथा ज्याच्या त्याच्या शब्दांत उतरवून घ्यावी, सांगणाऱ्याच्या नावानिशी. दरबाराने कराऱ्याच्या लोकांना आपल्या ग्रंथात जागा दिली नाही. आमच्या स्मारिकेत ती देता येईल.

आणि एक मागणे. यंदा विसर्जनानंतरचे निर्माल्य तापीत आणि उतावळीत न टाकता मंडळाच्या कलशात द्यावे. ज्या नदीवर एका बादशहाला चादर पांघरावीशी वाटली, तिच्यावर प्लॅस्टिकची चादर पसरू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!