हाडांच्या ठिसूळपणाचे औषध बदलताय? सहा महिन्यांचे इंजेक्शन मधेच सोडू नका

पाळी गेल्यावर महिलांच्या शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. साधे घसरून पडले तरी मनगट किंवा खुबा मोडतो, मणका दबतो. यावर औषधे आहेत, पण एक सोडून दुसरे घेताना क्रम आणि वेळ सांभाळावी लागते.

कोणती औषधे दिली जातात?

• अ‍ॅलेंड्रोनेट : आठवड्याला एक गोळी
• झोलेड्रोनिक अ‍ॅसिड : वर्षातून एकदा सलाईनमधून
• डेनोसुमॅब : दर 6 महिन्यांनी इंजेक्शन
• टेरिपॅराटाइड : रोज इंजेक्शन, साधारण 2 वर्षांपर्यंत

पहिली तीन औषधे हाडांची झीज रोखतात, चौथे नवीन हाड तयार करते.

धोका कुठे आहे?

अ‍ॅलेंड्रोनेट व झोलेड्रोनिक हाडात साठून राहतात. त्यामुळे गोळी 5 वर्षे किंवा सलाईन 3 वर्षे झाल्यावर, मोडण्याचा धोका कमी असेल तर डॉक्टर काही काळ औषध थांबवू शकतात. डेनोसुमॅब मात्र हाडात साठत नाही. 6 महिन्यांनंतर त्याचा असर उतरतो आणि झीज एकदम वेगाने सुरू होते. काही महिलांचे एका पाठोपाठ अनेक मणके दबतात. म्हणून शेजारणीची गोळी थांबवली तर आपलेही इंजेक्शन थांबवले, असे करू नये. सुगीची गडबड, पैशाची अडचण किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणूनही तारीख लांबवू नये.

बदल कसा करतात?

• डेनोसुमॅब थांबवायचे असेल तर पुढच्या डोसच्या सुमारास डॉक्टर बहुधा झोलेड्रोनिक किंवा अ‍ॅलेंड्रोनेट सुरू करतात. खर्च परवडत नसेल तर तारखेच्या आधीच तसे सांगावे.
• टेरिपॅराटाइड संपताच झीज रोखणारे औषध लागते, नाहीतर कमावलेले हाड पुन्हा जाते.
• डेनोसुमॅबवरून थेट टेरिपॅराटाइडवर गेल्यास हाडांची घनता घटू शकते. त्यामुळे हा क्रम सहसा टाळतात.

हे विसरू नका

झोलेड्रोनिकआधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना औषधाचे नाव सांगावे. पाठीत अचानक जोराची कळ आली तर ‘कामाने दुखतंय’ म्हणून अंगावर काढू नये, एक्स-रे काढावा. पुढच्या इंजेक्शनची तारीख फाईलवर लिहावी आणि घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवावा.